कौतुक न करणारी बाई

थोरलीची उभी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली. गोदाम जळालं म्हणून छाती पिटत येणारा माणूस आदल्या आठवड्यातच माल दुसरीकडे हलवून बसलेला असतो, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढे पुढे तिला समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचीही गरज उरली नाही. ती फक्त बूट बघायची. आगीतून आलेल्या माणसाचे बूट चकचकीत असले की फाइल बंद. निवृत्त झाल्यावर ती धाकट्या बहिणीकडे राहायला आली ती हीच नजर घेऊन, आणि आली नेमकी अशा घरात, जिथे रोज कुठेतरी नवी आग लागायची.

धाकटीची रेकॉर्ड कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, तर वडिलांचं लाकडाचं गोदाम, त्यातला मधला हॉल, शेजारच्या खोलीत मशीनं लावून बसलेला एक ध्वनिमुद्रक आणि धाकटीचा हट्ट. फक्त शास्त्रीय संगीत, तेही असं की जे मोठ्या कंपन्यांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. मोठ्या कंपन्या कलाकाराशी आधी करार करतात आणि मग जमलं तर चहा विचारतात. धाकटीचं उलट. तिच्याकडे आलेल्या कलाकाराला आधी माडीवरची खोली मिळायची, मग गरम पाणी, मग त्याच्या आवडीनिवडी कळायच्या, आणि कराराची आठवण व्हायची तेव्हा तो घरातला होऊन गेलेला असायचा.

"याला आधार देणं म्हणतात, ताई," धाकटी सांगायची.

"याला डोक्यावर बसवणं म्हणतात," थोरली म्हणायची.

तिला येऊन वर्ष झालं तोवर माडीवरून बरीच मंडळी येऊन गेली. एक गायिका होती, तिला सकाळी कुणाचाही आवाज चालायचा नाही. घर तिच्यासाठी खुणांनी बोलायचं, आणि बाईसाहेब स्वतः फोनवर तासतासभर खिदळायच्या. एक पियानोवाला होता, त्याला पियानोच्या पट्ट्या थंड लागायच्या. एक बासरीवाला जेवताना रडायचा. थोरली त्यांना वाढायची, त्यांचं उष्टं काढायची आणि मनातल्या मनात प्रत्येकाच्या फाइलवर शिक्का मारायची. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिने लहानपणी ऐकलं होतं. पण वाकडं अंगण सरळ करून देणारी कंपनी तिला आपल्याच बहिणीच्या घरी पाहायला मिळाली.

मग लाडोबा आला.

हे नाव अर्थात थोरलीने ठेवलेलं. माणूस चेलो वाजवायचा. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असं ते वाद्य, जमिनीवर टेकवून गुडघ्यांत धरायचं आणि गजाने वाजवायचं. तरुणपणी त्याचं फार नाव झालं होतं, मग एका मोठ्या कंपनीने त्याची अर्धवट राहिलेली रेकॉर्ड गुंडाळून ठेवली, आणि तेव्हापासून त्याने रेकॉर्ड केलीच नव्हती. आता चाळिशी ओलांडली होती. धाकटी त्याला कधीतरी एका छोट्या कार्यक्रमात ऐकून आली होती आणि घरी येऊन दोन दिवस नीट जेवली नव्हती. "असा हात मी ऐकला नाही, ताई. त्याला फक्त कुणीतरी विश्वास द्यायला हवा."

विश्वास घ्यायला लाडोबा तीन आठवड्यांसाठी म्हणून आला. झाडांची पानं तेव्हा पिवळी पडत होती. ती गळून गेली, नवी फुटली, तरी तो माडीवरच होता.

पहिल्याच आठवड्यात हॉलमधली खुर्ची कुरकुरते असं निघालं. धाकटीने दुसरी आणली, ती उंच पडली. तिसरी म्हणून जेवणघरातली थोरलीची खुर्ची गेली, आणि थोरली स्टुलावर जेवू लागली. मग हवेत ओल आहे म्हणून हॉलमध्ये एक यंत्र आलं. यंत्र घरघरतं म्हणून ते गेलं. छतातला दिवा गुणगुणायचा. खिडकीबाहेर कबुतर बसायचं, आणि ते बसलेलं नसलं तर आता येईल असं लाडोबाला वाटायचं. शेवटी ध्वनिमुद्रक काचेपलीकडे श्वास घेतो ते जाणवतं, इथवर मजल गेली. ध्वनिमुद्रकाला थोरली कानसेन म्हणायची. बिचारा शांत माणूस, तो त्या दिवसापासून खरोखरच कमी श्वास घ्यायला लागला असावा, कारण संध्याकाळी त्याचा चेहरा राखेसारखा झालेला असायचा.

या सगळ्यात रेकॉर्डिंग असं व्हायचं: सकाळी लाडोबा हॉलमध्ये बसायचा. काचेपलीकडे कानसेन, त्याच्या शेजारी हात छातीशी धरून धाकटी. लाल दिवा लागायचा. लाडोबा चार ओळी वाजवायचा, थांबायचा, डोळे मिटायचा.

"अप्रतिम," धाकटी माइकवरून म्हणायची. "खरंच, फार सुंदर होतं. पुन्हा एकदा?"

मग तीन ओळी. मग दोन. दुपारपर्यंत तो नुसता गज हातात धरून बसलेला असायचा. धाकटी म्हणायची, आज त्यांचं मन नाही. आणि ज्याचं मन नाही तो माणूस जेवायला बसला की दुधावरची सगळी साय आपल्या पेल्यात ओढून घ्यायचा, हे थोरली आपल्या डोळ्यांनी बघायची. अंघोळ करून आला की ओला टॉवेल जिन्याच्या कठड्यावर टाकायचा. जिना लाकडाचा होता; वडिलांनी स्वतः निवडलेलं लाकूड. त्यावर पांढरे डाग पडायला लागले होते.

"तुला दिसत नाही का गं," थोरली एकदा म्हणाली, "या माणसाला काम करायचंच नाही. याला राहायला जागा पाहिजे."

"तू प्रत्येकात चोर शोधतेस."

"मी शोधत नाही. ते माझ्या खुर्चीवर येऊन बसतात."

त्यावर धाकटीने तोंड फिरवलं, आणि दोन दिवस दोघी बहिणी एकमेकींशी फक्त मिठाच्या भांड्यापुरतं बोलल्या.

त्या अबोल्याच्या दिवसांतच घडलं ते. धाकटी बाहेर कामाला गेली होती. थोरलीची कंबर स्टुलाने धरली होती, आणि तिने ठरवलं की आज आपली खुर्ची परत आणायचीच. ती हॉलमध्ये गेली. लाडोबा त्याच खुर्चीवर बसलेला होता.

"उठा," थोरली म्हणाली.

"मी जरा वाजवणार होतो."

"मग वाजवा आणि उठा. मी थांबते."

"तुम्ही असताना?"

"का? मी काय कबुतर आहे? हे बघा, मला तुमच्या वाजवण्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि तुमच्याबद्दल माझं जे मत आहे ते तुम्ही कसंही वाजवलंत तरी बदलायचं नाही. तेव्हा माझ्यासाठी अवघडू नका. आटपा."

एवढं बोलून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हाताची घडी घालून त्याच्या बुटांकडे बघत राहिली. बूट मळलेले होते, नाडी एका बाजूची सुटलेली. लाडोबाने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग वाजवायला लागला.

तो थांबला नाही. थोरली वाट बघत होती की आता दिवा आड येईल, आता हवा. काहीच आड आलं नाही. एक भाग संपला, त्याने पान उलटलं, दुसरा सुरू केला, तोही पुरा केला. मग उठला आणि म्हणाला, "घ्या खुर्ची."

ती खुर्ची ओढत दाराशी आली तेव्हा कानसेन शेजारच्या खोलीतून बाहेर येऊन उभा होता. तो इतका वेळ आत माइकच्या तारा तपासत होता, आणि कानाला हेडफोन असल्याने त्याने सगळं ऐकलं होतं.

"मोठ्या ताई," तो हळूच म्हणाला, "मी रेकॉर्ड केलं नाही. मला कुठे माहीत होतं हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाडोबा स्वयंपाकघरात आला. असा तो कधी यायचा नाही. त्याचं सगळं माडीवर पोचायचं. दोघी बहिणी तिथे होत्या. तो धाकटीशी बोलला, पण बघत होता ओट्याकडे.

"ताई, एक विचारायचं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मोठ्या ताई हॉलमध्ये बसतील का?"

धाकटी हसली. "ताई? तिला तर संगीत—"

"म्हणूनच. आणि," तो घुटमळला, "तुम्ही काचेपलीकडे नसलात तर बरं होईल. तुम्ही बाहेरच असलात तर."

धाकटी हातातली धुतलेली कपबशी पुन्हा विसळायला लागली. थोरलीने सुरी खाली ठेवली.

"मी काय बुजगावणं आहे?" ती म्हणाली. "शेतात उभं करायला?"

"नाही. तुम्ही म्हणजे..." लाडोबाने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "बाकी सगळे माझ्याकडून काहीतरी फार मोठं येणार म्हणून बसतात. मी तारेवर गज ठेवला की मला त्यांचे चेहरे दिसतात, आणि मला वाटतं, आता यांचा विरस होणार. मग हात आखडतो. पहिल्या कंपनीतही तेच झालं. ओल वगैरे काही नव्हती. दिवाही ठीक आहे. तुमच्याबाबतीत कसं, तुमचा विरस आधीच झालाय. आता आणखी काय बिघडणार?"

इतक्या वर्षांत हजारो माणसं थोरलीच्या टेबलापुढे बसली होती. आपला क्लेम खोटा आहे असं आपण होऊन सांगणारा हा पहिलाच. तिला त्याच्याबद्दल आदर वगैरे वाटला नाही. उलट इतके महिने बहिणीला यंत्रं आणि खुर्च्या वाहायला लावल्याची ही कबुली ऐकून तिचं डोकं आणखीच तापलं. पण फाइल उघडी राहिली.

लाडोबा गेल्यावर धाकटी कोठीत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. थोरली आत गेली. धाकटी डब्यांकडे तोंड करून उभी होती.

"माझ्या हॉलमधून मीच बाहेर," ती म्हणाली. "आठ महिने त्या माणसाच्या पायाला खडा टोचू दिला नाही मी. आणि त्याला हवी कोण, तर तू. तू त्याचं कधी चांगलं चिंतलं नाहीस."

"नाही चिंतलं. अजूनही नाही."

"मग जाऊ नकोस."

"तू सांग. नाही जात."

धाकटीने पदराने नाक पुसलं. थोरलीला समजूत घालायची सवय नव्हती, त्यामुळे ती जरा करड्या आवाजातच म्हणाली, "हे बघ, माझ्यासारखीच्या दारात तो माणूस एक दिवस टिकला नसता. पहिल्या टॉवेललाच मी त्याला रस्ता दाखवला असता. तू त्याला ठेवून घेतलंस म्हणून आज निदान खरं बोलला. आता वाजवेल की नाही देव जाणे. पण मी जायचं की नाही ते तू ठरव, कंपनी तुझी आहे."

धाकटी डब्यांची झाकणं उगाच घट्ट करत राहिली. मग म्हणाली, "निदान चेहरा धुऊन जा. पीठ लागलंय."

असं थोरलीचं हॉलमध्ये बसणं सुरू झालं. खुर्ची लाडोबाला परत द्यावी लागली आणि तिच्या वाट्याला पुन्हा स्टूल आलं, पण या खेपेला त्यावर उशी होती. बसल्या बसल्या मटार सोलावेत म्हणून तिने परात आणली, तर कानसेन गयावया करायला लागला, शेंग फुटलेली माइक पकडतो हो. विणकामाच्या सुयांनाही बंदी झाली. तेव्हा हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं आणि लाडोबाकडे बघायचं एवढंच काम उरलं. ते तिला जड नव्हतं. तो आरशात बघून केस विस्कटून यायचा, ते ती बघायची. सुरू करण्याआधी मान मागे टाकून छताकडे बघायचा, जणू वरून कुणी हुकूम पाठवणार आहे. तिच्या तोंडावर जे काही असायचं ते आपसूक असायचं. लाडोबा तिच्याकडे एक नजर टाकायचा, त्याचे खांदे खाली यायचे, आणि तो वाजवायला लागायचा.

काम पुढे सरकलं. धाकटी बाहेर ओसरीत बसून असायची आणि दुपारी कानसेनच्या तोंडाकडे बघून काय झालं ते ओळखायची. तिने एकदाही दाराला कान लावला नाही.

मग तो संथ भाग आला. आधीही लाडोबा त्यातले तुकडे वाजवायचा, थोरलीने जिन्यावरून येता-जाता ऐकले होते. सलग कधी ऐकला नव्हता. त्यात फार काही घडत नव्हतं. एकच आवाज खाली जायचा, तिथे थोडा थांबायचा, परत निघायचा, आणि वर पोचता पोचता विचार बदलल्यासारखा वळायचा. थोरलीला कुणाची आठवण आली नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही. तिचा फक्त जबडा सैल झाला. इतकी वर्षं दातावर दात धरून बसलेली बाई ती, तिला ते कळलंच नाही.

वाजवणं थांबलं. लाडोबा तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा रंग उडाला होता.

"तुम्हाला आवडलं," तो म्हणाला. चोरी पकडावी तसा.

"काय?"

"तुमच्या चेहऱ्यावर दिसलं मला."

"पोटात कळ आली," थोरली म्हणाली. "सकाळपासून आहे. अंडं शिळं होतं बहुतेक."

काचेपलीकडे कानसेनने मान खाली घातली. लाडोबा तिला न्याहाळत राहिला. आयुष्यभर लोकांचे खोटे क्लेम फेटाळणाऱ्या बाईने आपला पहिला खोटा क्लेम पुढे केला होता, आणि समोरचा माणूस आता जणू तिचे बूट बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मग उद्या करू."

त्या दिवशी थोरली कुणाशी धड बोलली नाही. तिला राग आला होता, आणि राग कुणाचा ते नक्की होत नव्हतं. एका आळशी, लाडावलेल्या, दुसऱ्याच्या पेल्यातली साय खाणाऱ्या माणसाने आपल्याला न विचारता आपल्या आत हात घालावा, हे तिला मुळीच पटलं नाही. आणि वर त्याची भीड अशी नाजूक की आपण ते दाखवायचंही नाही. म्हणजे त्याच्या हाताला लागलेलं सोनं, आणि आपण ते पितळ आहे असा चेहरा करून बसायचं.

"उद्या नाही जात मी," ती धाकटीला म्हणाली.

"का गं?"

"कारण तुझा तो लाडोबा..." थोरली थांबली. "बरं वाजवतो."

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. टोमणा मारायची याहून चांगली संधी तिला जन्मात मिळाली नसती. तिने मारला नाही. ती म्हणाली, "मग त्याला कळू देऊ नकोस म्हणजे झालं. मला ते कधी जमलं नाही, ताई. तुला जमेल."

सकाळी थोरली हॉलमध्ये शिरण्याआधी मुद्दाम जिन्याशी थांबली. कठड्यावर ओला टॉवेल होताच. खालच्या लाकडावरचा डाग तिने बोटाने चोळून पाहिला, वडिलांना काय वाटलं असतं त्याचा विचार केला, आणि तो विचार तोंडात धरून, जशी गोळी धरतात तशी, आत जाऊन स्टुलावर बसली. लाडोबाने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की कानसेन नंतर म्हणाला, काच वितळेल असं वाटलं मला.

लाल दिवा लागला. आवाज खाली गेला, थांबला, निघाला. थोरली डागाला धरून बसली. डाग पुरेनासा झाला तेव्हा तिने दुधाची साय आठवली, ती संपल्यावर बहिणीने वाहून आणलेलं ते घरघरणारं यंत्र, आणि अगदी शेवटच्या वळणावर, जेव्हा यातलं काहीच हाताशी येईना, तेव्हा ती जीभ दातांखाली धरून बसली. शेवटचा सूर विरला. लाल दिवा विझला.

"झालं?" थोरली म्हणाली. "का अजून आहे?"

"झालं," लाडोबा म्हणाला, आणि हसला. तिला तो हसताना पहिल्यांदाच दिसला. दात फारसे बरे नव्हते.

रेकॉर्ड निघाली. हॉलमध्येच छोटासा समारंभ झाला, बरीच माणसं आली. लाडोबाने भाषण केलं. त्याने आपल्या गुरूंचे आभार मानले, हॉलच्या लाकडाचे मानले, एकांताचे मानले. धाकटीने दिलेल्या आधाराबद्दल तो इतकं बोलला की धाकटी रडली. मोठ्या ताईंचा उल्लेख नव्हता. माणूस कृतघ्न आहे हे थोरलीला माहीतच होतं. ती मागे उभी राहून पाहुण्यांचे बूट बघत होती आणि तिला बऱ्याच दिवसांनी अगदी ठीक वाटत होतं.

जाणकारांनी रेकॉर्डबद्दल बरं लिहिलं, संथ भागाबद्दल विशेष. खप म्हणावा तर बेताचाच, धाकटीच्या सगळ्याच रेकॉर्डचा असतो तसा. लाडोबा माडी सोडून गेला आणि जाताना पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डचं ठरवून गेला. अट एकच, ती सगळ्यांना ठाऊक होती.

धाकटीने एक प्रत थोरलीच्या खोलीत नेऊन ठेवली. आठवड्याने बघते तर वेष्टन तसंच.

"ऐकली नाहीस?"

"नाही."

"अगं, तुझ्यासमोर झालेली रेकॉर्ड. एकदा तरी ऐक. दगड आहेस का तू?"

थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने रेकॉर्ड उचलली, कपाटात चादरींच्या खाली सरकवली आणि कपाटाला किल्ली लावली.

"पुढच्या वर्षी तो परत यायचाय ना?" ती म्हणाली. "आता ऐकत बसले तर मला तो आवडायला लागेल. मग स्टुलावर कोण बसणार, तू?"